न झालेली साठीशांत

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, चार-दोन वर्षे काढलेल्या मराठी माणसाला षष्ट्यब्दपूर्तीचे निमंत्रण कधी आलेच नाही, असे सहसा घडत नाही. शेजारचे गृहस्थ साठ वर्षे पुरी करतात, मुले, सुना, नातवंडे गोळा होतात आणि जिच्याबरोबर पस्तीस-चाळीस वर्षे संसार केला तिच्याच गळ्यात ते पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधतात. ज्यांना जमते ते त्यासाठी तिरुक्कडैयूरला जातात. मार्कंडेयाला यमपाशातून सोडविणाऱ्या अमृतघटेश्वराचे आणि अभिरामीचे ते देऊळ अशा वयस्क वधूवरांनी सदा गजबजलेले असते. साठीशांत आपल्याकडेही आहे. परंतु तिच्यात नावाप्रमाणे शांतीचा, म्हणजे पुढची पीडा टळावी या भावनेचा भाग मोठा. तमिळ समारंभात लग्नाचा भाग मोठा. आपली साठीशांत मुख्यतः पुरुषाची असते, येथली दोघांची असते. हा फरक लहान नाही. साठ वर्षे जगणे हा एकट्याचा पराक्रम नसून त्यात दुसऱ्या कोणाच्या तरी हातचे अन्न, पाणी, जागरण आणि अबोला जमा आहे, याची ती चारचौघांत दिलेली कबुली असते.

मराठीत दांपत्यजीवनाची जी दोन आत्मकथने सर्वश्रेष्ठ म्हणून ओळखली जातात, त्यांच्या नायकांना मात्र हा दिवस दिसला नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले, तेव्हा वयाची एकोणसाठ वर्षे पुरी व्हायला दोन दिवस उरले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी गेले, सत्तावन्नाव्या वर्षी. यांच्या जोडीला ज्या तिसऱ्या गृहस्थाचा विचार मी येथे करणार आहे तो मराठी नव्हे. पण ज्या शहरात आपण राहतो त्या शहराचा तो कवी आहे. सुब्रह्मण्य भारती १९२१ च्या सप्टेंबरात तिरुवल्लिक्केणीत निवर्तले, तेव्हा त्यांना एकोणचाळीसही पुरी नव्हती. तिघांच्या बायका मागे राहिल्या आणि तिघींनी आपापल्या परीने संसाराचा हिशेब मांडला. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत बाहेर आली. चेल्लम्माळ भारती यांच्या नावाचे पतिचरित्र १९४१ सालचे.

ही पुस्तके आजवर निरनिराळ्या कपाटांत ठेवली गेली. रमाबाईंचे पुस्तक समाजसुधारणेच्या इतिहासाचे साधन ठरले, लक्ष्मीबाईंचे विनोदाचे आणि धर्मांतराचे, चेल्लम्माळचे कवीच्या चरित्राचे. त्यांतून इतिहासकाराने काय घ्यावे हा त्याचा प्रश्न आहे. वाङ्मयाच्या वाचकाने मात्र त्यांना एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावे. मग ध्यानात येते की तिन्ही पुस्तकांचा खरा विषय नवऱ्याचे कर्तृत्व हा नाही. नवऱ्याचा धर्मविचार, त्याची निष्ठा, त्याचे उदात्त वेड घरात शिरते तेव्हा ते कोणत्या दारातून शिरते, हा त्यांचा विषय आहे. आणि ते दार दरवेळी स्वयंपाकघराचे असते.

रमाबाईंपासून प्रारंभ करू. १८७३ च्या अखेरीस अकरा वर्षांची ही मुलगी एकतीस वर्षांच्या विधुर सबजज्जाच्या घरी आली. लग्नापाठोपाठ अक्षरओळख सुरू झाली. पुढे तिच्या संसाराचे जे टप्पे आपण वाचतो ते सारे या शिकवणीचे टप्पे आहेत: पहिली अक्षरे, मराठी वाचन, मग इंग्रजी, मग चारचौघांत उभे राहून बोलणे. प्रत्येक टप्प्यावर एकीकडे नवऱ्याचे शांत प्रोत्साहन आणि दुसरीकडे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे, अशी तिची ओढाताण होते. रमाबाई ती सांगतात, पण तक्रार म्हणून नव्हे. किंबहुना या पुस्तकावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की त्यात पतिभक्ती इतकी दाट आहे की माणूस दिसेनासा होतो. नवऱ्याचा उल्लेखसुद्धा त्या नावाने करीत नाहीत, ‘स्वतः’ असा करतात. कॅथरिन गेट्स यांनी १९३८ साली केलेल्या इंग्रजी अवताराला या एका शब्दाचेच नाव दिले आहे. त्या एका शब्दात पुस्तकाचे बळही आहे आणि मर्यादाही, हे भाषांतरकर्तीने अचूक हेरले, असे म्हटले पाहिजे.

आक्षेप खोटा नाही, पण तो अपुरा आहे. उन्हाळ्यातली एक आठवण पाहा. ती पुष्कळांना शाळेपासून ठाऊक असते आणि म्हणूनच नीट वाचली जात नाही. कोणी स्नेही आंबे पाठवितो. रमाबाई फोडी करून पुढे ठेवतात. न्यायमूर्ती दोन-तीन फोडी खातात, आंब्याची वाखाणणी करतात आणि थांबतात. आंबा आवडला नाही का, असे विचारता, आवडला म्हणूनच थांबलो, अशा अर्थाचे उत्तर येते आणि जिभेला लगाम घालण्याविषयी चार शब्द ऐकायला मिळतात. पाठ्यपुस्तकांनी या प्रसंगातून संयमाचा धडा काढला, तो काढण्यासारखा आहेही. पण रमाबाईंनी प्रसंग ज्या बेताने सांगितला आहे त्यामुळे वाचकाचे लक्ष धड्यावर ठरत नाही, ते बशीत उरलेल्या फोडींवर जाते. आंबा चिरणाऱ्या बाईने किती खपून, कोणत्या अपेक्षेने त्या फोडी पुढे ठेवल्या असतील? चैत्र-वैशाखात घरच्या माणसाला आंबा कापून देणे हा बायकांच्या जगातला मोठा आनंद आहे. त्या आनंदाला येथे तत्त्व आडवे आले. लेखिका त्यावर एक अक्षर बोलत नाही. तिने नुसते सांगितले, आणि फोडी तेथेच राहिल्या. ही कला अजाण असेल, पण कला आहे. आदर्श दांपत्यावर लिहिले जाणारे आपले गौरवलेख नेमकी ही बशी उचलून बाजूला ठेवतात आणि संयमाचे सुभाषित तेवढे भिंतीवर लावतात.

या न्यायमूर्तींचा आपल्या शहराशी संबंध होता, हेही येथे नमूद करावे. राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशन १८८७ च्या डिसेंबरात मद्रासेस भरले. अध्यक्ष होते सर टी. माधवराव, आणि चळवळीचे येथले आधारस्तंभ दिवाणबहादुर आर. रघुनाथराव. दोघेही तंजावरी मराठी घराण्यांतले. स्त्रीशिक्षण, बालविवाह, विधवांची स्थिती असे विषय त्या परिषदेने हाती घेतले. ते आवश्यकच होते. पण सुधारणा म्हणजे घरात काय घडते हे जाणायचे असेल तर कोणत्याही ठरावापेक्षा ती आंब्याची बशी अधिक सांगते.

दुसरी आठवण याहून अवघड आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये बड्या मंडळींना चहा देण्यात आला. तेथे रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. नावे वर्तमानपत्रात फुटली, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि ग्रामण्य झाले. १८९२ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रानडे दांपत्य लोणावळ्यास असताना पुण्याहून एका मित्राची अडचण येऊन ठेपली: घरच्या माणसांसाठी त्याला प्रायश्चित्त घेणे भाग होते, पण न्यायमूर्तींनी घेतले तरच तो घेऊ शकत होता. न्यायमूर्तींनी ते घेतले. ज्या माणसाने आयुष्यभर प्रार्थनासमाजात उपासना केली, पहाटे उठून टाळी वाजवीत तुकारामाचे अभंग म्हणताना ज्याचे डोळे भरून येत असे ती पत्नीने पाहिले होते, त्याने एक पेला चहासाठी प्रायश्चित्त घ्यावे हे रमाबाईंना रुचले नाही. नुसते रुचले नाही इतकेच नव्हे, रुचले नाही हे त्यांनी लिहिले. पतिभक्तीच्या दाट धुक्याचा आरोप करणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे. नवऱ्याने दिलेले कारण त्या प्रामाणिकपणे नोंदवितात, त्याच्या मनाचे मोठेपण मान्य करतात, आणि तरीही स्वतःचा विषाद पुसून टाकीत नाहीत. नवरा जाऊन नऊ वर्षे झाल्यावर, सारा महाराष्ट्र त्याला देवमाणूस म्हणत असताना, त्याच्या सर्वांत वादग्रस्त कृतीविषयी आपले मन तेव्हा कसे होते हे सांगायला धैर्य लागते. ते धैर्य मोठ्या आवाजाचे नाही, म्हणून टीकाकारांना ऐकू आले नसावे.

रमाबाईंच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर पुढे कुसुमावती देशपांडे यांनीही केले. त्या स्वतः कवी अनिलांच्या पत्नी आणि मराठीतल्या जाणत्या समीक्षक. या पुस्तकात निव्वळ स्तोत्र असते तर त्यांनी त्यावर आपले श्रम खर्चिले नसते, असे मला वाटते.

आता लक्ष्मीबाई. येथे मला अधिक थांबावयाचे आहे, कारण ‘स्मृतिचित्रां’ची स्तुती पुष्कळ झाली असली तरी ती एकाच अंगाने झाली. भाषा कशी घरगुती, विनोद कसा निर्मळ, बाई कशी निष्कपट! हे सारे खरे आहे. परंतु हा विनोद आहे म्हणून त्यामागचे दुःख हलके होते, असा जो समज झाला आहे तो पुस्तकाला अन्याय करणारा आहे. नवरा न सांगता घरातून निघून जातो, बाजारासाठी दिलेले पैसे भलत्यालाच देऊन येतो, रागावतो, विरघळतो, आणि एक दिवस, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस बाप्तिस्मा घेतो. बायकोला ते नंतर कळते. पदरी लहान मुलगा, आधार माहेरच्या माणसांचा. नाशिक, पंढरपूर असे दिवस काढीत ती सुमारे पाच वर्षे दूर राहते. हा सारा काळ लक्ष्मीबाई ज्या सुरात सांगतात तो हसण्याचा सूर आहे खरा, पण तो रडून झालेल्या माणसाचा आहे. त्यांच्या विनोदाचे वैशिष्ट्य असे की तो नवऱ्याला लहान करीत नाही आणि स्वतःला मोठे करीत नाही. नवऱ्याला त्या सरळ ‘टिळक’ म्हणतात. रमाबाईंचा ‘स्वतः’ आणि लक्ष्मीबाईंचे ‘टिळक’ यांच्यामध्ये पाव शतकाचे अंतर आहे, एवढे सांगून भागत नाही. ‘टिळक’ म्हटल्याबरोबर नवरा घराबाहेरचा होतो, त्याच्याकडे थोडे दुरून पाहता येते. ज्या माणसाने आपल्याला न विचारता आयुष्याची दिशा बदलली त्याच्याविषयी लिहावयाचे, आणि प्रेमाने लिहावयाचे, तर एवढे अंतर हवेच होते.

या पुस्तकातला श्रद्धेचा प्रवास पाहताना बहुतेक वाचक बाप्तिस्म्याची तारीख शोधतात: टिळकांचा १८९५, लक्ष्मीबाईंचा १९००. लेखिकेच्या लेखी मात्र या तारखांना तितके महत्त्व नाही. तिच्या मनाचा खरा टप्पा त्यांच्या मध्ये कोठेतरी पडतो आणि तो पाण्याचा आहे.

त्यासाठी तिचे माहेर आठवावे लागते. वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यावयाची! मीठ धुतल्यावर काय उरत असेल याचा विचार त्या घरात कोणी करीत नव्हते. मुले मात्र त्या शुचितेच्या धाकात वाढत होती. अशा घरातली मुलगी ख्रिस्ती नवऱ्याकडे परत येते तेव्हा ती त्याच्या धर्माकडे येत नाही, नवऱ्याकडे येते. एका छपराखाली राहूनही तिची चूल वेगळी, पाणी वेगळे. दख्खनच्या उन्हाळ्यात घरात पाण्याच्या माठाला जे स्थान असते ते येथल्या वाचकांना सांगावयास नको. आपल्या शहरात अग्निनक्षत्राचे दिवस सुरू झाले, सूर्य कृत्तिकेच्या आसपास आला, की दारोदार ताकाचे आणि पानकाचे गडू पुढे होतात. देशावर हेच दिवस चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे, कैरीच्या पन्ह्याचे आणि वाळा घातलेल्या थंड पाण्याचे. तहानलेल्याला पाणी द्यावे, त्याची जात विचारू नये, असे सांगणाऱ्या संतवचनांच्या सावलीतच पाण्याच्या स्पर्शाचे सर्वांत कडक नियम नांदत आले. नवऱ्याने भरलेले पाणी बायकोला चालत नाही, हे या विसंगतीचे टोक होय.

हे टोक मोडते कसे? कोणाच्या प्रवचनाने नाही, टिळकांच्या आग्रहाने तर नाहीच. एके दिवशी बसल्याबसल्या लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न येतो की जाती देवाने केल्या की माणसाने. देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जसे भेद दिसतात तसे माणसांच्या देहांत दिसले असते. ते दिसत नाहीत. तेव्हा हे काम माणसाचे. झाले! त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास बाई मोकळ्या होतात. लक्षात घ्यावयाचे ते असे की बाप्तिस्मा अजून दूर आहे. आधी पाणी, मग धर्म. टिळकांचा क्रम उलट होता. रेल्वेच्या डब्यात एका परक्या माणसाने नवा करार हाती दिला, मग वाचन, शंका, पत्रे, मग निर्णय आणि निर्णयानंतर आचार. पुरुषाची श्रद्धा पुस्तकातून घरात आली, बाईची माठातून मनात गेली. दोघे पोचले एकाच ठिकाणी, पण वाटा एक नव्हत्या. आणि बाईची वाट नवऱ्याच्या वाटेची शेपटी नव्हती. ख्रिस्ती लेखकांनी या आत्मकथनात पत्नीचा पतीच्या श्रद्धेकडे झालेला प्रवास वाचला, हिंदू वाचकांनी पतिनिष्ठेचा विजय वाचला. पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहिले तर दोन्ही वाचने घसरतात. तेथे एका बाईने स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या तहानेपाशी येऊन एक गाठ सोडविली आहे.

आणि हे सारे ती कसे सांगते? जणू शेजारणीला लोणच्याचे प्रमाण सांगावे तसे. युगांतराचे भान नाही, उद्गारचिन्हांची आरास नाही. पुढच्या पानावर लगेच मुलाचे दुखणे किंवा पाहुण्यांची गर्दी. संसारातले टप्पे असेच पडतात, ते ओलांडताना कळत नाहीत. रमाबाईंच्या आठवणींत प्रत्येक टप्प्यापाशी नवऱ्याने लावलेला मैलाचा दगड उभा आहे. लक्ष्मीबाईंच्या वाटेवर दगड नाहीत. चालून गेल्यावर मागे वळून त्या म्हणतात, अरे, हे गाव केव्हा गेले! वाङ्मय म्हणून मी दुसऱ्या पद्धतीला अधिक मान देतो. तिच्यात आयुष्याला नंतर चढविलेला मुलामा कमी आहे.

याच घरात पुढे दुष्काळात अनाथ झालेली मुले आली, आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक तरुण येऊन राहिला, ज्याला मराठी वाचक बालकवी म्हणून ओळखतात. दोन कवी एका घरात, आणि डाळतांदळाची काळजी करणारी बाई एक! बालकवींवरची ‘स्मृतिचित्रां’तली पाने वाचल्यावर ध्यानात येते की कवीच्या चरित्राला लागणारे साहित्य बहुतेक वेळा कवीच्या वह्यांत नसून त्याला जेवू घालणाऱ्या बाईच्या आठवणीत असते.

येथे चेल्लम्माळची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिरुवल्लिक्केणीत पार्थसारथीच्या देवळाजवळ, तुळसिंग पेरुमाळ कोविल वीथीवर, भारतींचे घर आज स्मारक म्हणून जपले आहे. या वाटेने जाणाऱ्या मराठी माणसाने आत डोकवावे, ते दोन कारणांसाठी. एक तर भारती १९०७ च्या सुरत काँग्रेसला गेलेले, लोकमान्यांना मानणारे आणि शिवाजीवर कविता लिहिणारे. दुसरे कारण त्यांच्या संसाराचे. १८९७ साली लग्न झाले तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी सात. पुढे १९०८ ते १९१८ अशी दहा वर्षे पाँडिचेरीतला अज्ञातवास, उत्पन्न अनिश्चित, घरी माणसांचा राबता. भारतींच्या घरची म्हणून तमिळनाडूत घरोघर सांगितली जाणारी एक गोष्ट आहे: शेजारून उसने आणलेले तांदूळ चेल्लम्माळने निवडायला ठेवावेत आणि कवीने ते चिमण्यांना टाकावेत, वर चिमण्यांचा आनंद पाहायला बायकोलाच हाक मारावी. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचे डोळे कवीकडे असतात. चराचरावर प्रेम करणारा महाकवी! खरेच आहे. पण तांदूळ उसने होते, आणि ते परत करावयाचे होते ते त्याने नव्हे.

टिळकांचा बाजाराचा पैसा आणि भारतींचे तांदूळ यांत भाषेचे अंतर तेवढे आहे. दोघे ब्राह्मण कुळांत जन्मले, दोघांनी जातिबंधने झुगारली. एकाने धर्म बदलून, दुसऱ्याने धर्मात राहून. भारतींनी पाँडिचेरीत कनकलिंगम या अस्पृश्य गणल्या गेलेल्या तरुणाचे उपनयन केले. दोघांच्या बायकांना या औदार्याची किंमत शेजारणींच्या तोंडून ऐकावी लागली असेल, हे समजायला फार कल्पना नको. चेल्लम्माळच्या चरित्रकथनाला ‘स्मृतिचित्रां’ची वाङ्मयीन उंची नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तिच्या सांगण्यात चरित्रनायक पुढे येतो आणि सांगणारी पुनःपुन्हा मागे सरते. परंतु पुढे तिरुचिरापल्लीच्या नभोवाणीवर आपल्या पतीविषयी बोलताना, जगाला थोर वाटणाऱ्या माणसाची बायको होणे सोपे नसते, ही गोष्ट तिने झाकून ठेवली नाही. रमाबाईंनी हे लोणावळ्याच्या आठवणीत सुचविले, लक्ष्मीबाईंनी हसत सांगितले, चेल्लम्माळने उघड म्हटले.

एका घरी चहा, दुसऱ्या घरी पाणी, तिसऱ्या घरी तांदूळ. तीन पुरुषांनी ज्या प्रश्नांवर व्याख्याने दिली, ग्रंथ लिहिले, कविता केल्या, ते प्रश्न त्यांच्या बायकांना वाटीत, गडूत आणि सुपात भेटले. तत्त्वज्ञानाची पुस्तके या भेटीची नोंद ठेवीत नाहीत. म्हणून अशा आठवणींना वाङ्मयात दुय्यम जागा देणे मला मान्य नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. ‘स्मृतिचित्रां’चे जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले ते मद्रासहून. जलालपूर-नाशिकच्या एका बाईची घरगुती मराठी जगाच्या भाषेत गेली ती या शहराच्या वाटेने. अलीकडे, २०१७ साली, शांता गोखले यांनी नवे भाषांतर केले, हे बरे झाले. लक्ष्मीबाईंच्या वाक्यात जो तिरकसपणा आहे, एका शब्दावर जोर देऊन दुसऱ्याला हळूच चिमटा काढण्याची जी लकब आहे, ती इंग्रजीत नेणे कठीणच. दर दोन पिढ्यांनी कोणीतरी तो प्रयत्न पुन्हा करणे उचित होय. तमिळमध्ये हे पुस्तक वाचावयास मिळाले तर तिरुवल्लिक्केणीच्या घरात डोकावणाऱ्या वाचकाला त्याची ओळख पटण्यास क्षणही लागणार नाही. दोन्ही भाषा अंगवळणी पडलेल्या आपल्यासारख्यांनी ते काम मनावर घ्यावे असे मला वाटते. तंजावरच्या परंपरेची थोरवी वार्षिक समारंभांत गाण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे खरे.

साठीशांत न झालेल्या या तिन्ही बायकांनी मागे राहून जे केले त्यातही विलक्षण साम्य आहे. रमाबाईंनी पतीची धर्मपर व्याख्याने संग्रह करून छापविली. चेल्लम्माळने भारतींच्या कविता प्रसिद्ध करण्याची खटपट याच शहरात, हाती पैसा नसताना केली. लक्ष्मीबाईंपुढे तर पुरे काव्यच अपुरे पडले होते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन सुरुवातीचे काही अध्याय लिहिले होते, आणि १९१९ चा तो मे महिना आला. मुंबईच्या दवाखान्यात ते गेले. ज्या बाईचे शालेय शिक्षण नव्हते, जिची अक्षरओळख नवऱ्याच्या घरी आल्यावर झाली, तिने उरलेले अध्याय, म्हणजे ग्रंथाचा बहुतांश भाग, ओवीबद्ध लिहून काढला. विद्वानांनी त्या ओव्यांत टिळकांची प्रतिभा शोधून ती न सापडल्याची खंत व्यक्त केली आहे. ती तेथे असण्याचे कारण नव्हते. ओव्या लक्ष्मीबाईंच्या आहेत. जात्यावरच्या ओवीची सवय असलेल्या माणसाच्या आहेत, आणि त्यांची परीक्षा तशीच व्हावयास हवी.

‘स्मृतिचित्रां’चे लेखन मात्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, आणि शेवटचा भाग मुलाने, देवदत्त नारायण टिळक यांनी, पुरा केला. तो भाग जबाबदारीने लिहिलेला आहे, तारखा नीट आहेत, माणसांची नावे चुकलेली नाहीत. पहिल्या तीन भागांतून चौथ्यात शिरताना वाचक दचकतो तो कशाने, हे दोन पाने वाचल्यावर कळते: येथे ‘टिळक’ नाहीत, ‘पापा’ आहेत की वडील आहेत हा प्रश्नच नव्हे, ज्या तोंडाने त्यांना ‘टिळक’ म्हटले होते ते तोंड येथे नाही.